एक वाव

उम्म अल् क्वैनच्या जुन्या बंदरापाशी
कुंञ्ञुमोनच्या दुकानात ट्यूबलाइटखाली
तंगूस बसलेली असते रिळांवर:
पिवळी, शेवाळी, गुलाबी,
आणि एक अशी, की रीळ रिकामंच वाटावं.
ती सगळ्यात महाग.
"न दिसण्याचेच पैसे," कुंञ्ञुमोन म्हणतो.
मी विचारतो, कुणाला न दिसण्याचे?
तो म्हणतो, आधी पाणी कसलं ते सांग.

पाणी कसलं.
डिसेंबरात इथलं खाजण असं निवळतं
की पायाचं नख दिसतं, नखाशेजारी खेकडा,
आणि खेकड्याला मी.
असल्या पाण्यात पिवळी सोडायची
म्हणजे चोराने पैंजण घालून यायचं.
पण शमाल सुटला की तीन दिवस तेच पाणी ताक होतं.
मासा हुंगत येतो, बघत नाही.
तेव्हा दोरी दिसायला हवी ती मला:
ओढीने कुठे गेली,
शेजारच्या फिलिपिनोच्या गळात गुंतली की काय.

हर्णैला हा प्रश्नच नव्हता.
बाप जाळ्यावर जायचा.
जाळं दिसलं तरी वळायला जागा कुठे असते?
गरवायचं ते म्हाताऱ्यांनी
आणि शाळा बुडवलेल्या आम्ही पोरांनी,
फाटक्या जाळ्यातून उसवलेल्या दोरीने;
रंग विचारायची पद्धत नव्हती.
इथे सहा दिवस चिलरच्या पाइपांत हात असतो माझा,
सातव्या पहाटे असले बारीक विचार परवडतात.

मागच्या हिवाळ्यात ती महाग रीळ घेतलीच.
तिसऱ्या फेकीला तिवरांच्या मुळांत अडकली.
ओढली. तुटली.
वीस-बावीस वाव तंगूस आत राहिली.
शोधायला गेलो तर सापडेना,
दिलेल्या पैशाला अगदी जागली.

पुढच्या सुट्टीला यासीन मिरकर म्हणाला,
"ते काळं काय रे फडफडतंय?"
पाणकावळा.
एक पंख मोकळा, एक हवेला बांधलेला.
हवेलाच, कारण दुसरं काही दिसत नव्हतं.
यासीन कमरेएवढ्या पाण्यातून गेला,
डोक्यावरचा पंचा त्याच्या डोळ्यांवर टाकला,
आणि मी नेलकटर घेऊन
बोटांनी चाचपत, चाचपत
कापत राहिलो जे मलाही दिसत नव्हतं.
पंच्यातूनही त्याने मला तीन ठिकाणी फोडलं.
सुटल्यावर लगेच उडाला नाही.
खुंटावर बसून पंख सुकवत राहिला,
आमच्याकडे पाठ करून.
"रक्त पूस," यासीन म्हणाला. "कुणाची रे दोरी?"
मी म्हटलं, काय माहीत.

आता मी पिवळी घेतो.
रिळावर शंभर वाव, हळदीसारखी,
अडकली तर अर्ध्या खाडीतून दिसेल अशी,
आणि गळाच्या अलीकडे फक्त एक वाव
ती काचेसारखी.
गाठीला थुंकी लावतो, दातांनी आवळतो.
कुंञ्ञुमोन म्हणतो, बस झाली एवढी,
मासा कुठे रीळ बघायला वर येतो.

रात्री घरी फोन लागतो.
सगळं सांगतो. पगार झाला,
खोली बदलली, नवीन खोलीला खिडकी आहे,
दोन किलोचा पालू लागला,
यासीनने कोकम नव्हतं म्हणून चिंच घातली.
"आणि कंपनीचं? ते पुढच्या वर्षीचं?"
बघू, म्हणतो मी.
ती काही बोलत नाही.
पलीकडे कुकरची शिट्टी होते, एक, दोन,
आणि ती गॅस बंद करायला उठत नाही.

तिच्याकडचं पाणी फार निवळ आहे.